ऑफ-कॅमेरा फ्लॅश (स्वागतसमारंभ)
कॅमेऱ्यापासून दूर, स्टँडवर लावलेले फ्लॅश रेडिओ ट्रिगरने पेटवून स्वागतसमारंभ टिपण्याची पद्धत. तिचे मूळ हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमध्ये आहे (पहा : स्ट्रोबोस्कोप).

मांडव्यासारख्या (ता. अलिबाग, जि. रायगड) किनारी गावात ही पद्धत चैन नव्हे, गरज ठरते. बंद हॉलमध्ये पांढऱ्या छताकडे वळवलेला फ्लॅश मऊ होऊन चेहऱ्यावर उतरतो. नारळीच्या वाडीलगतच्या लॉनवर डोक्यावर आकाशच असते, प्रकाश परत येत नाही. कॅमेऱ्यावरून तो सरळ टाकावा, तर शालूची जर सपाट दिसते आणि मागचे पाहुणे अंधारात बुडतात, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो (पहा : व्यस्त वर्ग नियम). म्हणून स्टेजच्या दोन कोपऱ्यांत, डोक्याहून उंच, सुमारे ४५ अंशांत फ्लॅश लावतात; पिवळ्या दिव्यांशी जुळावे म्हणून त्यांवर नारिंगी जेल चढवतात.

आजचे कॅमेरे ६४०० आयएसओलाही चांगले चित्र देतात, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण आयएसओने चित्र उजळते, प्रकाशाची दिशा बदलत नाही. डीजेच्या एलईडीने जांभळा झालेला गाल जांभळाच राहतो. वाऱ्याचा आक्षेप अधिक खरा आहे. फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी छत्री खाडीवारा स्टँडसकट आडवी करतो. त्यामुळे येथे छत्रीऐवजी लहान सॉफ्टबॉक्स आणि स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी बरी (पहा : रंग तापमान, शटर).