छातीतील जळजळ : साधे पित्त की धोक्याची सूचना?

‘पित्त झाले असेल’ असे म्हणून छातीतील जळजळीकडे दुर्लक्ष करण्याची सवय घरोघरी आढळते. बहुतेक वेळा ही तक्रार साधीच असते. तथापि जठरातील व्रण, अन्ननलिकेचा कर्करोग किंवा हृदयविकाराचा झटका यांची सुरुवातही कधी कधी अशाच जळजळीने होते. त्यामुळे घरगुती उपायांवर कोठवर विसंबावे, हे प्रत्येकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

जळजळ कशामुळे?

अन्नपचनासाठी जठरात तीव्र आम्ल तयार होते. जठराचे अस्तर ते सहन करू शकते. अन्ननलिकेला मात्र तसे संरक्षण नसते. दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे झडपेसारखे काम करते. ते सैल पडले किंवा पोटावरील दाब वाढला, की आम्ल वर चढते. मग छातीच्या मधोमध आग होते, आंबट पाणी घशाशी येते, करपट ढेकर येतात. बोलीभाषेत यालाच ‘पित्त’ म्हणतात. यकृतात तयार होणारा पित्तरस मात्र वेगळा. आयुर्वेदाच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे.

तंबाखू, मद्य, लठ्ठपणा, गर्भावस्था, रात्री उशिराचे भरपेट जेवण आणि जेवणानंतर लगेच आडवे होणे ही प्रमुख कारणे होत. तिखट, तळलेले पदार्थ, चहा-कॉफी यांचा त्रास सर्वांना सारखा होत नाही. आपल्याला काय बाधते, हे ज्याचे त्याने पारखावे.

ऊसतोडणी आणि पित्त

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. पहाटेपासूनचे काम, अवेळी जेवण, कमरेत वाकून तोडणी आणि डोक्यावर मोळी वाहणे हा त्यांचा दिनक्रम. जेवणानंतर लगेच वाकल्याने पोटावर दाब येऊन आम्ल वर येते. त्यात तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, तर भर पडते. अंगदुखीसाठी उपाशीपोटी वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा धोका सर्वांत मोठा. त्यांमुळे जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. शहरात पाठदुखी वा डोकेदुखीसाठी परस्पर गोळ्या घेणाऱ्यांनाही हा धोका तितकाच लागू आहे.

व्रणांचे दुसरे मोठे कारण म्हणजे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू. तो शोधून काढणाऱ्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या संसर्गावर प्रतिजैविकांचा उपचार आहे. केवळ पथ्याने तो जात नाही.

उपाय कोणते?

रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. पलंगाची उशाकडील बाजू वीतभर उंच करावी, डाव्या कुशीवर झोपावे, वाढलेले वजन कमी करावे, तंबाखू सोडावी. थंड दूध किंवा सोडा यांनी तात्पुरता आराम पडतो, कारण मात्र दूर होत नाही. रक्तदाब असलेल्यांनी सोडा वारंवार घेऊ नये. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या आम्लनिर्मिती कमी करतात. त्या सामान्यतः न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यावयाच्या असतात. पण डॉक्टरांच्या सल्ल्याविना महिनोन्‌महिने घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा जळजळ होत असेल, अथवा दोन आठवडे गोळ्या घेऊनही ती थांबत नसेल, तर तपासणी करावी. घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, सतत उलट्या, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असल्यास विलंब नको. अशा वेळी दुर्बिणीद्वारे अन्ननलिका व जठराची तपासणी करावी लागते. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. पण तो निष्कर्ष डॉक्टरांनी काढावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जळजळीसोबत छातीवर दडपण, घाम, धाप, चक्कर किंवा हात, मान, जबडा यांकडे सरकणारी वेदना असेल, तर ते पित्त समजू नये. महिला, वृद्ध आणि मधुमेही रुग्णांत हृदयविकाराची लक्षणे अनेकदा अस्पष्ट असतात. ढेकर आल्याने बरे वाटले, म्हणून हृदय ठीक आहे असे मानता येत नाही. सोडा घेऊन वाट पाहण्याऐवजी तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयाचा आलेख काढून घ्यावा. वस्ती, तांडा किंवा उसाचा फड रुग्णालयापासून दूर असेल, तर निघण्याचा निर्णय अधिकच लवकर घ्यायला हवा. आलेख निर्दोष निघाला तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी परतू नये. पहिला आलेख कधी कधी सामान्यही असू शकतो. पित्ताचा उपचार उद्यावर ढकलता येतो, हृदयाचा नाही.