दुसऱ्याच्या नावाने 'हजर'!

हजेरी चालू असताना गैरहजर मित्राच्या नावाने कोणीतरी 'हजर' म्हणतो, हा प्रकार शिक्षकांना नवा नाही. महाविद्यालयात त्याला 'प्रॉक्सी' म्हणतात. संगणकांच्या जाळ्यात मात्र हीच युक्ती सर्वांच्या सोयीसाठी, राजरोसपणे वापरली गेली. तिचे नाव 'प्रॉक्सी एआरपी'. तिची गरज का पडली, ते आपण पाहू.

एकाच केबलला अनेक संगणक जोडणारे इथरनेट १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत जन्मले. पुढे रूढ झालेल्या इथरनेटमध्ये प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा पत्ता असतो. इंटरनेटवरील पत्ता, म्हणजे आयपी क्रमांक, त्या काळी ३२ बिटांचा होता. या दोन पत्त्यांची सांगड कशी घालायची? नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी सोपा मार्ग मांडला. केबलवरील सर्वांना ऐकू जाईल अशी हाक द्यायची : 'हा आयपी क्रमांक कोणाचा?' ज्याचा असेल त्याने आपला इथरनेट पत्ता कळवायचा. हीच एआरपी पद्धत.

पण ही हाक आपल्या केबलपुरतीच ऐकू जाते. विद्यापीठांत संगणक वाढले, एक केबल पुरेना. एकाच जाळ्याचे अनेक तुकडे झाले. ऑक्टोबर १९८४ मध्ये जेफ्री मोगल यांनी जाळ्याचे रीतसर उपविभाग पाडण्याची योजना मांडली. त्याच महिन्यात जॉन पोस्टेल यांनी ही विभागणी संगणकांना कळूही न देण्याचा मार्ग तपासला. ऑगस्ट १९८५ मध्ये उपविभागांचे नियम ठरले.

तरीही जुन्या संगणकांना हे नियम ठाऊक नव्हते. जाळ्याचा क्रमांक तोच, म्हणजे समोरचा आपल्याच केबलवर, असे समजून ते हाका देत राहत. उत्तर येत नसे. प्रत्येक यंत्राची प्रणाली बदलणे सोपे नव्हते. तेव्हा काय करावे, हे स्मूट कार्ल-मिचेल आणि जॉन क्वार्टरमन यांनी ऑक्टोबर १९८७ मध्ये तपशीलवार लिहिले. दोन केबलींच्या मध्ये बसलेला गेटवे ही हाक ऐकतो आणि पलीकडच्या संगणकाच्या वतीने स्वतःचाच इथरनेट पत्ता कळवतो. माहिती त्याच्याकडे येते. तो ती पुढे पोचवतो. मात्र हाक मारणारा आणि शोधला जाणारा एकाच केबलवर असतील, तर त्याने गप्प बसायचे. जुन्या संगणकात काहीही बदलावे लागत नाही.

ही युक्ती चालते, कारण उत्तर देणारा खरा की खोटा, हे एआरपी तपासतच नाही. पण या भोळेपणाचा फायदा गेटवेप्रमाणे चोरालाही घेता येतो. जाळ्यात शिरलेला चोर दुसऱ्याच्या नावाने 'हजर' म्हणून त्याची माहिती स्वतःकडे वळवतो. राउटरमध्ये प्रॉक्सी एआरपीची सोय आजही असते. ती गरजेपुरतीच चालू ठेवावी, हे बरे. हजेरीपटाचा उपयोग शेवटी उत्तर देणाऱ्याच्या सचोटीइतकाच.