अपूर्णांकांची तुलना : माहिती-पर्याप्ततेचे प्रश्न

स्पर्धा परीक्षांतील गणिताचा एक प्रकार. प्रश्नाखाली दोन विधाने देतात. उत्तर काढायला ती पुरेशी आहेत का, एवढेच ठरवायचे असते. उत्तर काढावेच लागते असे नाही. ‘जीमॅट’ या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेत हा प्रकार प्रसिद्ध आहे; २०२३ अखेर आलेल्या नव्या आराखड्यात तो ‘डेटा इनसाइट्स’ विभागात गेला. संघ लोकसेवा आयोगाच्या ‘सीसॅट’च्या अभ्यासक्रमातही त्याचा उल्लेख आहे.

‘नाही’ हेसुद्धा निश्चित उत्तर असते, ही गोष्ट नवख्यांच्या ध्यानात उशिरा येते. उदाहरणार्थ, प हा धन पूर्णांक असताना प/९ हा ७/१२ पेक्षा मोठा आहे का? पहिले विधान : प < ६. प ५ धरला, तरी छेद १०८ करून ६० विरुद्ध ६३ असा हिशेब येतो. म्हणजे उत्तर ठामपणे ‘नाही’, आणि विधान पुरेसे. दुसरे विधान : प मूळ संख्या आहे. ५ घेतल्यास ‘नाही’, ७ घेतल्यास ‘होय’. म्हणून ते अपुरे.

खरी कसोटी अक्षरांच्या अपूर्णांकांत लागते. अ/ब > क/ड आहे का, असे विचारले की हात आपसूक तिरकस गुणाकाराकडे जातो. मात्र छेदाचे चिन्ह ठाऊक नसताना असमानतेला छेदाने गुणणे चूकच, कारण ऋण संख्येने गुणल्यास असमानता उलटते. त्यापेक्षा वजाबाकी मांडावी : अ/ब − क/ड = (अ×ड − ब×क)/(ब×ड). आता प्रश्न केवळ दोन चिन्हांचा उरतो, अंशाच्या आणि छेदाच्या. ‘अ×ड > ब×क’ या विधानातून अंशाचे चिन्ह कळते, ‘ब×ड > ०’ यातून छेदाचे. सुटे सुटे दोन्ही अपुरे, एकत्र मात्र पुरेसे.

चारही संख्या धन असतील, तर ‘अ > क’ आणि ‘ब < ड’ ही जोडी पुरते. फक्त छेदच धन असल्याचे सांगितले असेल, तर ती पुरत नाही : अ = −१, ब = १, क = −२, ड = ४ घेतल्यास −१ ची तुलना −१/२ शी होते आणि पहिला अपूर्णांक लहान ठरतो. विधान अपुरे ठरवायला अशी दोनच उदाहरणे लागतात, एक ‘होय’चे, एक ‘नाही’चे. ती शोधताना ऋण संख्या, शून्य आणि १ पेक्षा लहान अपूर्णांक आधी तपासावेत. धन पूर्णांकांवरच थांबणारा विद्यार्थी इथे हमखास फसतो.

प्रश्नाचे रूप बदलून घेणेही उपयोगी. अ, ब धन असताना (अ+१)/(ब+१) > अ/ब आहे का, याचा अर्थ गुणाकारानंतर ‘ब > अ आहे का’ एवढाच उरतो. मग ‘ब = अ + ३’ हे विधान एकटेच पुरेसे असते, दोन्ही संख्यांच्या किमती अज्ञात राहिल्या तरी.