सायकलच्या नळीत गेलेली तार: विषयापासून प्रश्नापर्यंत

पीएचडीच्या प्रवेशासाठी आराखडा लिहिताना बरेच जण विषय लिहितात, प्रश्न लिहीत नाहीत. ‘सायकलचा इतिहास’ हा विषय झाला. त्यातून प्रश्न कसा काढायचा, हे पाहायला आज एक लहानशी वस्तू घेऊ या: ब्रेकची तार.

शर्यतीची एखादी अलीकडची महागडी सायकल पाहा. तार कुठेच दिसत नाही. ब्रेकच्या दांडीपासून निघते ती थेट हँडलच्या आत, तिथून हँडलच्या बेअरिंगमधून सायकलच्या सांगाड्यात शिरते आणि चाकापाशीच बाहेर पडते. हे का झालं? तयार उत्तर लगेच मिळतं: वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून. उत्तर खोटं नाही. गोल तार आपल्या जाडीच्या मानाने वाऱ्याला बराच जास्त अडथळा करते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबायचं नसतं. पुढचा प्रश्न विचारायचा: मग हे आधी का झालं नाही?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. ब्रेकसाठी वापरली जाणारी ही तार ‘बाउडेन केबल’ म्हणून ओळखली जाते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं. (रॅले कंपनीचे फ्रँक बाउडेन वेगळे. आडनाव एकच असल्यामुळे हा शोध अनेकदा त्यांच्या नावावर लावला जातो. पेटंटचा मूळ कागद पाहायची सवय इथूनच लावून घ्या.) कल्पना सोपी आहे. आतली तार ओढली जाते, बाहेरचं आवरण तितकाच दाब सोसतं आणि ओढ वळणावळणाने जिथे हवी तिथे पोचते. अडचणही त्यातच आहे. प्रत्येक वळणावर तार आवरणाला घासते. वळणं वाढली की ब्रेक जड होतो. हँडल आणि सांगाड्याच्या आतून तार न्यायची म्हणजे वळणं वाढवायची.

तरीही लोकांनी आतून तारा नेल्याच. फ्रान्समध्ये रने एर्स हे कारागीर लांब पल्ल्याच्या सायकली बनवत. त्यांनी दिव्याची वायर सांगाड्याच्या आतून नेली. हँडल वळताना वायर तुटू नये म्हणून पुढच्या नळीत कार्बनचा ब्रश बसवून वीज पुढे पोचवली. शर्यत जिंकणं हा इथे हेतू नव्हता. हवी होती नीटनेटकी, रात्रीच्या प्रवासात दगा न देणारी सायकल. पुढे १९८० च्या दशकात शर्यतीच्या सायकलींवर ब्रेकची तार हँडलच्या पट्टीखाली गेली. आता कारण वारा होतं. कृती जवळपास तीच, हेतू वेगळा. म्हणून ‘तार लपवण्याची प्रगती’ अशी एक सरळ रेघ ओढू नका.

मग तार पूर्ण आत गेली ती कशामुळे? गिअर बदलायला विजेच्या यंत्रणा आल्या. शिमानोची २००९ मध्ये, स्रॅमची बिनतारी २०१५ मध्ये. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मान्यता दिली. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये ओढायची तार नसते. द्रवाने भरलेली बारीक नळी असते. विजेच्या वायरला किंवा या नळीला वळणांचा तसा त्रास नाही. गंमत लक्षात आली का? ओढायची तार गेली, तेव्हा कुठे सगळं सहज लपवता आलं. वाऱ्याचा हेतू जुनाच होता. शक्यता दुसऱ्याच वाटेने आली. हेतू आणि शक्यता वेगळ्या मांडल्या की प्रश्नाला धार येते.

आता दुसरं पाऊल. ट्रेव्हर पिंच आणि विबे बाइकर यांनी १९८४ च्या निबंधात सायकलचंच उदाहरण घेऊन दाखवलं, की एकच वस्तू वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी दिसते. हवेचं टायर कुणासाठी धक्के कमी करणारं होतं, तर शर्यतवाल्यांसाठी पुढे वेग वाढवणारं ठरलं. हीच चाळणी आपल्या तारेला लावा. शर्यतपटूला वेग दिसतो, विक्रेत्याला देखणी सायकल दिसते. आणि दुरुस्ती करणाऱ्याला? पूर्वी हँडलचं बेअरिंग बदलायचं तर हँडल सैल करून पुढचा चिमटा काढला की काम झालं. नळी बेअरिंगमधून जात असेल, तर अनेकदा ती सोडवावी लागते, पुन्हा जोडावी लागते, ब्रेकमधली हवा काढावी लागते. बेअरिंग तेवढंच, मजुरी कितीतरी जास्त. वाचलेले सेकंद शर्यतपटूच्या खात्यात आणि गेलेले तास मिस्त्रीच्या खात्यात! पहिल्याची नोंद कंपनीच्या जाहिरातीत असते, दुसऱ्याची सहसा कुठेच नसते.

इथे आपल्याकडची सायकल आठवा. केबल येऊनही कितीतरी दशकं आपल्या रस्त्यांवर सळईच्या ब्रेकच्या काळ्या सायकली धावत होत्या. याला मागासलेपण म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सळई पूर्ण उघडी असते. कुठे वाकली, कुठे सैल झाली ते डोळ्यांनी दिसतं आणि पान्याने नीट करता येतं. तार आवरणाच्या आत गंजते, तुटेपर्यंत कळत नाही. डेव्हिड एजर्टन म्हणतात, तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेवरून नव्हे, वापरावरून लिहावा. भारतातल्या सायकली, शिलाई यंत्रं यांचा असा अभ्यास डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ च्या पुस्तकात केला आहे. दोन्ही जरूर वाचा.

तर आराखड्यात ‘सायकलमधील केबलचा इतिहास’ असं लिहू नका. लिहा: ‘तार आत गेल्याने दुरुस्तीचं काम, वेळ आणि कौशल्य कुणाकडून कुणाकडे सरकलं?’ साधनं तिथेच दिसू लागतात: पेटंट, कंपन्यांची माहितीपत्रकं, दुरुस्तीच्या पुस्तिका, दुकानांची बिलं आणि मिस्त्रींच्या मुलाखती. यातलं शेवटचं साधन कुठल्याही अभिलेखागारात तुमची वाट पाहत बसलेलं नाही. पन्नास वर्षं पाना हातात धरलेली माणसं आता थकत चालली आहेत. पेटंट पुढच्या वर्षीही वाचता येईल. मुलाखती आधी घ्या.