तुपाचा अंगठा

आईच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो धुरकट आले. समारंभात धूर फक्त उदबत्तीचा होता, तेव्हा दोष आमच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर गेला. मी बॅटरी बदलली, कार्ड बदललं, सगळी बटणं दाबून पाहिली. बायको म्हणाली, "अहो, आधी काच तरी पुसा." पण बी.कॉम. झालेला माणूस इतक्या सोप्या उपायावर विश्वास ठेवत नाही. मी इतिहासाकडे वळलो.

धुरकट फोटोंचा सर्वांत महागडा इतिहास अमेरिकेच्या 'नासा'चा. २४ एप्रिल १९९० रोजी त्यांनी हबल दुर्बीण अवकाशात धाडली. दुर्बीण कसली, फिल्मशिवाय चालणारा दीड अब्ज डॉलरचा कॅमेराच तो! पण फोटोत तारे दिसले ते पिंजलेल्या कापसासारखे. चौकशी झाली. २.४ मीटरचा आरसा कडेला केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका जास्त घासला गेला होता. कारण ज्या उपकरणाने मापं घेतली, त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकून बसलं होतं. म्हणजे माप चूक, आणि आरसा त्या चुकीच्या मापात तंतोतंत बरोबर!

खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दोन उपकरणांनी चूक आधीच दाखवली होती. पण ती कमी अचूक मानलेली, म्हणून त्यांचं ऐकतो कोण? आमच्या बँकेतही साहेबांची आणि कारकुनाची बेरीज जुळली नाही, की फेरतपासणी होते ती कारकुनाच्या बेरजेची.

शेवटी दुर्बिणीला वरच्या वर चष्मा लावायचं ठरलं. नाण्याएवढे आरसे नेमक्या जागी कसे न्यायचे, हे जेम्स क्रॉकर या इंजिनियरला सुचलं ते जर्मनीतल्या एका हॉटेलच्या न्हाणीघरात, वरखाली सरकणारा शॉवर बघून. डिसेंबर १९९३ मध्ये सात अंतराळवीर वर गेले. पाच वेळा यानाबाहेर पडून त्यांनी चष्मा लावला, नवा कॅमेराही बसवला. जानेवारी १९९४ मध्ये जगाने लख्ख फोटो पाहिले.

एवढं वाचून मी मुकाट्याने उठलो आणि मऊ फडक्याने भिंग पुसलं. फडक्यावर साजूक तूप! पंचाहत्तरीची पुरणपोळी चाखून त्याच हाताने मी कॅमेरा उचलला होता. 'कमी अचूक' उपकरण स्वयंपाकघरात हसत होतं.

पुढचे फोटो लख्ख आले. पण पंचाहत्तरी काही परत येणार नव्हती. भीतभीतच ते धुरकट फोटो आईपुढे ठेवले. तिने एकेक निरखून पाहिला आणि म्हणाली, "हेच मोठे करून आण रे. सुरकुत्या दिसत नाहीत यात."