गोचीडदंश व अपरिचित त्वग्विकार : उमापूर परिसर

गोचीड या रक्तशोषक, अष्टपाद जीवाचा माणसाच्या त्वचेस होणारा दंश, त्यापासून उद्भवणारे स्थानिक व सार्वदेहिक विकार, आणि ज्या अन्य त्वग्विकारांशी त्यांची वारंवार गल्लत होते ते विकार यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. विवेचनाचे क्षेत्र बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर व त्याच्या भोवतालचा, शेवगाव तालुक्याच्या शिवेकडचा मुलूख हे आहे. गोदावरीच्या दक्षिणेचा हा भाग पर्जन्यछायेतला असून जायकवाडीच्या उजव्या कालव्याने तालुक्याच्या काही शिवारांत ऊस आणला, तरी शेकडो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जाण्याचा क्रम त्यामुळे थांबलेला नाही. बैल, शेळ्या, राखणीचे कुत्रे आणि तान्ही मुले जेथे एकाच आवारात, आणि ऊसतोडीच्या हंगामात तर एकाच कोपीच्या आडोशाला नांदतात, तेथे जनावराच्या अंगावरील परोपजीवीने माणसाच्या अंगावर यावे यात आश्चर्य काहीच नाही. आश्चर्य वाटते ते इतक्या नित्याच्या सहवासातून येणारा आजार दवाखान्याच्या दप्तरात क्वचितच आपल्या खऱ्या नावाने नोंदला जातो याचे.

गोचीड हा कीटक नव्हे; कोळी व विंचू यांच्या वर्गातील तो प्राणी आहे. अंडे, सहा पायांचा डिंभ, आठ पायांची अर्भकावस्था आणि प्रौढावस्था अशा चार अवस्थांतून तिचे आयुष्य जाते आणि अंड्यानंतरच्या प्रत्येक अवस्थेत तिला रक्ताची गरज लागते. रक्त पिऊन एरंडाच्या बीप्रमाणे टम्म फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून गळून पडते आणि गोठ्याच्या भिंतीतील भेगांत, दगडांच्या फटीत किंवा शेणकुराच्या ओलाव्यात हजारो अंडी घालून मरते. अंड्यांतून निघालेले सूक्ष्म डिंभ गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून बसतात. श्वासातील कर्बवायू व शरीराची ऊब यांची जाणीव त्यांना त्या पायांवरील एका विशिष्ट इंद्रियामुळे होते आणि जवळून जाणाऱ्या गुराच्या किंवा माणसाच्या अंगाला ते तात्काळ बिलगतात. या मुलखात गायी-म्हशींवर ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस व हायलोमा या जातींच्या आणि कुत्र्यांवर ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस या तपकिरी जातीच्या गोचिडी विशेषेकरून आढळतात. देशी वाणाच्या जनावरांमध्ये गोचिडीला रोखण्याची उपजत शक्ती अधिक असते, ती जर्सी वा होल्स्टीन संकरित गायींत फार कमी उरते. म्हणून दुग्धव्यवसायाबरोबर गोठ्यातील हा उपद्रवही वाढला आहे.

दंशाची क्रिया पाहण्यासारखी आहे. गोचीड प्रथम आपल्या जबड्यांनी त्वचा कापते, मग मागे वळलेल्या काट्यांनी युक्त असा सोंडेसारखा अवयव आत रुतवते आणि अनेक जातींत तोंडाभोवती एक प्रकारचा चिकट लेप घट्ट होऊन ती त्वचेत जणू बसवली जाते. तिच्या लाळेत त्वचा बधिर करणारी व रक्त गोठू न देणारी द्रव्ये असल्यामुळे चावा दुखत नाही; मादी पाच ते दहा दिवस निवांतपणे रक्त पीत राहते आणि माणसाला तिचा पत्ता पुष्कळदा अंघोळीच्या वेळी हाताला एखादी चामखीळ लागावी तसा लागतो. करगोट्याखालची कंबर, काख, जांघ, कानामागचा भाग व केसांची मुळे ही तिच्या पसंतीची ठिकाणे होत. डिंभांचा थवाच्या थवा पायांवर चढला, तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत असंख्य लाल, खाजरे ठिपके उठतात आणि ते घामोळे किंवा खरूज म्हणून अंगावर काढले जातात. मेंढपाळांच्या व गुराख्यांच्या कानात गोचीड शिरण्याचे प्रकारही वैद्यांस परिचित आहेत. अशा वेळी काडी घालणे वा तेल ओतणे धोक्याचे असून ती कानाच्या डॉक्टरकडूनच काढून घ्यावी.

चिकटलेली गोचीड काढण्याच्या रूढ रीती बहुतेक सर्व त्याज्य आहेत. विडीचे पेटते टोक लावणे, रॉकेल ओतणे, तंबाखू व चुना चोळणे, तेलात गुदमरवणे या उपायांनी गोचीड सुटत असेल वा नसेल, पण त्या धडपडीत तिच्या पोटातील द्रव व लाळ उलट जखमेत उतरण्याची भीती असते. योग्य रीत अगदी साधी आहे. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. गोचिडीचे फुगलेले पोट न दाबता, त्वचेला अगदी लागून तिच्या तोंडाच्या भागाशी तिला पकडावे. आणि न पिळता, न झटका देता, एकाच संथ ओढीने सरळ वर उचलावे. चिमटा नसल्यास कापडाने वा पिशवीने बोटे झाकून हेच करता येते. तोंडाचा एखादा तुकडा आत राहिलाच, तर सुईने उकरत बसू नये. त्वचा तो यथावकाश बाहेर टाकते. जागा साबणाने व पाण्याने धुऊन तीवर स्पिरिट लावावे आणि धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही हे पाहावे. काढलेली गोचीड नखावर वा दगडावर चिरडण्याची जी सार्वत्रिक सवय आहे, तिच्याविरुद्ध विशेष इशारा देणे भाग आहे, कारण रोगग्रस्त गोचिडीचा रस बोटाच्या चिरेतून किंवा डोळ्यात जाऊन दंशावाचूनही संसर्ग होऊ शकतो. दंशाच्या जागी कठीण, खाजरी गाठ कित्येक आठवडे, क्वचित महिनोन्‌महिने टिकते. ती शरीराची प्रतिक्रिया असते आणि एकट्या गाठीसाठी प्रतिजैविके घेण्याचे कारण नसते.

खरा धोका दंशानंतर येणाऱ्या तापात आहे. गोचिडीमुळे रोगाचा प्रसार होतो हे प्रथम 1893 मध्ये स्मिथ व किलबोर्न या अमेरिकन संशोधकांनी गुरांच्या तापाविषयी सिद्ध केले. पुढे 1906 मध्ये हॉवर्ड रिकेट्स यांनी माणसातील पुरळयुक्त तापाबाबत तेच दाखवले. ज्या जंतुकुलाला त्यांचे नाव मिळाले, त्यातीलच एका जंतूमुळे होणाऱ्या टायफसचा अभ्यास करीत असता 1910 मध्ये मेक्सिकोत त्यांचा अंत झाला. हिंदुस्थानात गोचिडीपासून टायफससदृश ताप येत असावा हे मेगॉ या लष्करी वैद्यकाने कुमाऊँच्या डोंगराळ भागातील अनुभवावरून 1921 मध्ये मांडले. रिकेट्सिया कोनोराय या जंतूमुळे होणारा हा भारतीय गोचीडज्वर मुख्यत्वे कुत्र्याच्या गोचिडीमार्फत पसरतो आणि महाराष्ट्रातही तो आढळतो. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांतील या आजाराच्या लवकर निदानासाठी गुण देण्याची एक पद्धत 2011 मध्ये प्रसिद्ध केली, ती ग्रामीण वैद्यकाने आवर्जून अभ्यासावी अशी आहे.

दंशानंतर सुमारे एका आठवड्याने एकाएकी सडकून ताप चढतो, डोके व पोटऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल होतात आणि तापाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुरळ उमटतो. या पुरळाची वाट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : तो मनगटांवर व घोट्यांवर सुरू होऊन धडाकडे सरकतो आणि तळहात व तळपाय यांनाही सोडत नाही. गोवराचा पुरळ चेहऱ्यावर व कानामागे उमटून खाली उतरतो. डेंग्यूत तळव्यांवर असे ठळक ठिपके सहसा दिसत नाहीत. सावळ्या त्वचेवर पहिले फिके ठिपके दिव्याच्या उजेडात सुटून जातात, म्हणून रुग्णाला दिवसाच्या प्रकाशात, हातापायांचे तळवे उलटवून, कपडे बाजूला सारून तपासणे अगत्याचे आहे. दंशाच्या जागी काळी खपली दिसली तर निदान जवळजवळ हातात आलेच, परंतु आपल्याकडील गोचीडज्वरात ती पुष्कळदा सापडत नाही आणि ती नाही म्हणून आजार नाही असे मानणे घातक ठरते. वेळीच उपचार न झाल्यास ठिपक्यांत रक्त उतरते, बोटांची टोके काळी पडतात, मेंदू व मूत्रपिंडे यांवर आघात होतो.

वाइल-फेलिक्स ही जुनी, स्वस्त रक्तचाचणी आजही जिल्ह्याच्या ठिकाणी केली जाते. परंतु ती तापाच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुधा नकारात्मक राहते आणि तिची विश्वसनीयताही मर्यादित आहे. यास्तव अहवालाची वाट पाहत औषध थांबवू नये, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. औषध दुर्मीळ नाही, महागही नाही. डॉक्सिसायक्लिन प्रौढांस 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सामान्यतः पाच ते सात दिवस, व मुलांना वजनाच्या मानाने दिले जाते. अल्पकाळ दिल्याने मुलांचे दात पिवळे पडतात ही धास्ती आता निराधार ठरली आहे. गरोदर स्त्रियांसाठी अझिथ्रोमायसिनचा पर्याय आहे. औषध सुरू होताच दोन दिवसांत ताप उतरणे हे निदानाला मिळालेले एक प्रकारचे अनुमोदनच असते. उलट, नेहमीच्या पेनिसिलिन गटातील इंजेक्शनांचा येथे उपयोग होत नाही आणि सल्फा गटातील औषधांनी हा रोग बळावतो. ताप आला की सुई टोचून घ्यायची ही आपली ग्रामीण चाल या एका आजारात रुग्णाचे मोलाचे दिवस खाऊन टाकते.

याच कुळातील स्क्रब टायफस हा ताप गोचिडीचा नसून झुडपांतील अतिसूक्ष्म माइटच्या डिंभांचा आहे. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर व विदर्भात त्याचा मोठा उद्रेक झाला. त्यातील काळी, लाल कड असलेली, न दुखणारी खपली काखेत, जांघेत वा स्तनांखाली लपलेली असते आणि लाजेमुळे न दाखवली गेल्याने निदान चुकते. स्त्री-रुग्णास परिचारिकेच्या उपस्थितीत आश्वस्त करून तपासल्यास ही अडचण दूर होते. उपचार तोच आहे. माकडताप हा कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला विषाणुजन्य रोग 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गपर्यंत आला, परंतु तो आर्द्र सह्याद्रीचा आहे, गेवराईच्या माळरानाचा नव्हे. काजूच्या बागांत वा कोकणात मजुरीला गेलेल्या माणसाच्या बाबतीतच त्याची शंका घ्यावी. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप हायलोमा गोचिडीपासून होतो; भारतातील त्याचे पहिले रुग्ण जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत निश्चित झाले व ते काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केले. जनावरांच्या गोचिडी हाताळणाऱ्यास तापाबरोबर हिरड्यांतून वा नाकातून रक्त येऊ लागले, तर त्यास तत्काळ वेगळे ठेवून मोठ्या रुग्णालयात हलवावे. पाश्चात्त्य देशांत ज्याची फार चर्चा होते तो लाइम रोग आपल्याकडे विरळा आहे.

गोचीडदंशाशी ज्यांची गल्लत होते अशा विकारांपैकी पहिला मान पावसाळ्यात दिव्याभोवती येणाऱ्या, मुंगीसारख्या लांबट, नारिंगी-काळ्या पेडेरस भुंगेऱ्याच्या दाहाला द्यावा लागतो. हा भुंगेरा चावत नाही. मानेवर बसला असता तो चिरडला गेला की त्याच्या शरीरातील दाहक द्रव त्वचेवर पसरतो आणि दुसऱ्या दिवशी रेषेसारखा लाल, फोडांचा पट्टा उठतो. हा पट्टा पाहून घरोघर ‘नागीण’ झाल्याचा निर्वाळा दिला जातो, गेरू फासला जातो आणि नागिणीचे डोके व शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो या समजुतीने सारे घर भयभीत होते. खरी नागीण कांजण्यांच्या सुप्त विषाणूमुळे एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूस उठते, फोडांच्या आधी तेथे ठणका लागतो, आणि 72 तासांच्या आत असायक्लोव्हिर सुरू केल्यास वेदना पुष्कळ कमी होतात. तिचे वेटोळे पूर्ण होण्याची भीती शास्त्राला ठाऊक नाही. भुंगेऱ्याच्या दाहास जागा भरपूर पाण्याने धुणे, थंड पट्ट्या व सौम्य मलम एवढे पुरते. भुंगेरा दिसल्यास फुंकून उडवावा, मारू नये.

दुसरा विकार गजकर्णाचा, आणि येथे दोष रोगापेक्षा उपायाचा अधिक आहे. दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज दोन दिवसांत शमते, पण बुरशी फोफावते आणि गजकर्णाची ओळखीची गोल कड पुसली जाऊन तज्ज्ञांनाही ते ओळखू येईनासे होते. अशी मलमे 2018 मध्ये केंद्र सरकारने चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली, तरी त्यांची विक्री थांबलेली नाही. तिसरा विकार खरजेचा; तीत बोटांच्या बेचक्यांत रात्रीची खाज सुटते आणि घरातील सर्वांना एकाच वेळी परमेथ्रिन हे औषध लावावे लागते. फिकट, बधिर चट्टा दिसला, तर मात्र तो खाजत नाही म्हणून सोडून देऊ नये. कापसाचा स्पर्श जाणवत नसलेला चट्टा महारोगाचा असू शकतो आणि त्याचे बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात.

पायावरच्या फोडातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येई तो नारू हा विकार मात्र आता इतिहासजमा झाला आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या प्रथेतून तो पसरे; महाराष्ट्र हे त्याने ग्रासलेल्या राज्यांपैकी एक होते. अशा विहिरी बंद करून, पाणी गाळून व घरोघर रुग्ण शोधून त्याचा नायनाट झाला. देशातील शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. तत्पूर्वी कुशल वैद्य तो जंत काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळून काढीत.

प्रतिबंध गोठ्यापासून सुरू करावा लागतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैल धुऊन त्यांच्या कानाच्या पाळ्या, मानेची वळी व शेपटीचे मूळ यांतील गोचिडी वेचण्याची रीत उत्तमच आहे, पण ती वर्षातून एकदा करून भागत नाही. भिंतींच्या भेगा लिंपणे, चुना देणे, कुत्र्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध लावणे आणि गोचिडी हाताने न वेचता हातमोजे घालून रॉकेलच्या डब्यात टाकणे ही कामे नित्याची असावीत. अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन यांसारखी जनावरांची औषधे माणसाच्या डोक्याला उवा-लिखांसाठी लावण्याचा अघोरी प्रयोग कदापि करू नये.

तापाबरोबर पुरळ, ग्लानी, धाप किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात व तेथून बीडच्या जिल्हा रुग्णालयात, गरज पडल्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयात न्यावे. या सर्व विकारांचे निदान यंत्रापेक्षा रुग्णाच्या कैफियतीवर अधिक अवलंबून असते, आणि ती कैफियत पुरी सांगितली जात नाही, कारण ती पुरी विचारली जात नाही. काढलेली गोचीड लहान बाटलीत घालून, चिठ्ठीवर तारीख टाकून, बरोबर न्यावी. आणि केसपेपर लिहिणाऱ्याने वय व गाव यांच्याखाली रुग्णाचा धंदा, घरची जनावरे आणि गेल्या पंधरवड्यात तो कोठे गेला होता, याची एक ओळ लिहिण्याचा प्रघात ठेवावा.