डोंगरावर मुक्काम, पायथ्याला गाव

पावसाळ्यात कार्ल्याला मुक्कामाला जाणे ही अलीकडची हौस आहे, असे आपण समजतो. शनिवार उजाडला की पुण्या-मुंबईच्या गाड्या घाटाकडे वळतात. मका भाजला जातो, भजी तळली जातात आणि धुक्यात फोटो निघतात. पण पावसाळ्यात या डोंगरावर येऊन राहायची रीत जवळपास दोन हजार वर्षांची आहे. फरक एवढाच, की तेव्हा येणाऱ्यांना स्वतःचे घर नव्हते.

बौद्ध भिक्षूंनी गावोगाव फिरावे आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबावे, असा नियम होता. पावसात कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, म्हणून चालणे बंद ठेवायचे. याला वर्षावास म्हणतात. सोपारा, कल्याण या बंदरांकडून घाट चढून येणारा व्यापाराचा रस्ता मावळातून जात होता. त्या रस्त्यालगतच्या डोंगरात भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली. इथल्या शिलालेखांत या जागेला वलूरक म्हटले आहे. मधला चैत्य भारतातल्या कोरीव चैत्यांत सर्वांत मोठा आहे. त्याच्या छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरातली चौदा माणसे कार्ल्याच्या एका पर्यटक निवासात दोन रात्री राहिलो. थोरल्या आपा, धाकटा भाऊ, भाभी, लेकी-जावई आणि सहा पोरे. सकाळी पायऱ्या चढून लेण्यात गेलो. दगडात कोरलेल्या खोल्या पाहून माझा नऊ वर्षांचा नातू म्हणाला, “नाना, एवढी माणसं इथं राहायची, तर त्यांना जेवायला कोण द्यायचं?”

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर चैत्याच्या दर्शनी भिंतीवरच कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले. कोणाला दिले? चारही दिशांच्या संघाला. म्हणजे जो कोणी येईल, कुठूनही येईल, त्याला. पुढे सातवाहनांची राजवट आली. राजा बदलला, पण गावाचे दान चालू राहिले. तशी आज्ञा मामाळ प्रांताच्या अमात्याला दिल्याचा लेख इथेच आहे. हे मामाळ म्हणजेच आपले मावळ.

मी नातवाला म्हणालो, “बाळा, खालचं एक गाव जेवायला द्यायचं.” त्याने लगेच विचारले, “मग त्या गावाला काय मिळायचं?” दान देणाऱ्याचे नाव दगडावर आहे, घेणाऱ्यांचे आहे. करजिकमध्ये भात लावणाऱ्या एकाचेही नाव नाही. मी त्याला तेवढेच सांगितले.

भिंतींवर आणि खांबांवर दात्यांची नावे मात्र भरपूर आहेत, आणि ती सगळी राजेरजवाड्यांची नाहीत. वैजयंतीचा शेठ भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे अभिमानाने कोरून घेतले. धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिले. दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव आहे. महादेवणकाची आई भायिला हिने दान दिले. घुणिकाची आई कोडी तर भिक्षुणी होती. मुलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आयांची नावे मी वाचून दाखवली, तेव्हा आमच्या आपा हसून म्हणाल्या, “म्हणजे तेव्हाही अमुकची अम्मी असंच होतं तर!”

चैत्याच्या दारातच एकवीरा आईचे देऊळ आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेकांची ही कुलस्वामिनी. चैत्रातल्या यात्रेला कोकणपट्टीतून अख्खी कुटुंबे पालख्या घेऊन येतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे असतात. गोतावळ्यासह डोंगरावर जाण्याची परंपरा हॉटेलांनी नव्हे, या यात्रेने सांभाळली.

हौसेचा मुक्काम आला तो रस्ता आणि रेल्वे यांच्यामागून. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला आणि 1863 मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली. मुंबईच्या उकाड्यातून सुटून खंडाळा-लोणावळ्याला येणे सोपे झाले. बंगले उठले, आरोग्यधामे उठली. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईकराला मावळ दोन तासांवर आले.

पावसाचे पाणीही मुंबईच्या कामी आले. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथली तळी भरून 1915 पासून खोपोलीला वीज तयार होऊ लागली. जवळच्या मुळशीत धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. धरण झालेच. मुंबईत दिवे लागले आणि गावे पाण्याखाली गेली. करजिकच्या भातासारखेच हेही देणे. फक्त ते कोणी राजीखुशीने दिले नव्हते.

आमच्यात मुसाफिराचा मोठा मान आहे. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यायची, त्यांत वाटेवर अडलेला प्रवासीही येतो. प्रवाशाचा हक्क सांगणारी शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो. पण जो प्रवाशाला ठेवून घेतो, त्याचाही काही हक्क प्रवाशावर असतो. तो हक्क आपण सुट्टीवर निघालो की हमखास विसरतो. खोलीचे भाडे दिले म्हणजे हिशेब मिटला, असे आपल्याला वाटते. कचरा कोण उचलते, उन्हाळ्यात त्या गावाच्या विहिरीला पाणी असते का, ज्या जमिनीवर हा बंगला उभा आहे ती कोणाची होती, हे आपण विचारत नाही.

लेण्यातल्या दगडावर खिळ्याने आपले नाव कोरणारे आजही दिसतात. जुन्या माणसांनी नाव कोरले ते काही दिल्यानंतर. आपण काही न देता कोरतो. म्हणून मावळात मुक्कामाला जाल तेव्हा पोरांना एवढे जरूर सांगा, की भिंतीवर आपले नाव लिहू नका. भाकरी थापून देणाऱ्या मावशीचे नाव विचारा, त्यांचे गाव विचारा आणि घरी परतल्यावर ते लक्षात ठेवा. करजिकच्या माणसांचे नाव विचारायचे राहून गेले, त्याला दोन हजार वर्षे होत आली.